शिक्का मारलेला वेताळ: किंमत निम्मी करायची का?

माळ्यावरची ट्रंक:
मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक जुना अंक विकायला काढलाय. वेताळाचा (म्हणजे फँटमचा), साठच्या दशकातला. पानं सगळी आहेत (मोजलीत), कव्हर जागेवर, रंग अजून तरतरीत. पिना गंजल्यात, आणि पहिल्या पानावर एका लायब्ररीचा जांभळा शिक्का आहे, खाली शाईपेनाने लिहिलेला नोंद क्रमांक. मी 1200 सांगितले. घेणारा म्हणाला, "शिक्का आहे, 600 च्या वर एक रुपया देणार नाही." अहो, त्या काळी चार आण्याला एक दिवस अशा बोलीवर हे अंक घरोघर फिरले. बिनशिक्क्याचा आणायचा कुठून? माझ्या मते शिक्क्यासाठी दमडीही कमी करू नये. तुमचं काय?

शाईचे डाग:
घेणारा बरोबर आहे. अवस्था म्हणजे अवस्था, तिथे हळवेपणा चालत नाही. अमेरिकेत 0.5 ते 10 अशी मोजपट्टी आहे. सीजीसीसारख्या संस्था अंक तपासून, आकडा देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. तिथे घडी, डाग, गंज, पानांचा पिवळेपणा, सगळ्याचे गुण कापले जातात. आपल्याकडे मात्र "चांगल्या स्थितीत" एवढंच लिहायचं, आणि पार्सल उघडलं की कव्हर सेलोटेपवर तगलेलं! मी दोनदा फसलोय. मोजपट्टी लावा, भांडणं संपतील.

कवटीची अंगठी:
मोजपट्टी घ्यायची तर पुरती घ्या. अमेरिकेतसुद्धा दुकानदाराने अंक आल्याची तारीख कव्हरवर मारली असेल तर तो फार मोठा गुन्हा धरत नाहीत. ती त्या व्यवहाराचीच खूण. आपला लायब्ररीचा शिक्का याहून वेगळा कुठे?
दुसरं असं की त्या संस्था कोणत्या अंकाच्या किती प्रती, कोणत्या दर्जाच्या तपासल्या, याची नोंद ठेवतात. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या 1938 च्या पहिल्या अंकाची 8.5 दर्जाची प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेली, कारण त्याहून चांगल्या प्रती जवळपास नाहीतच हे सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी वेताळाच्या किती प्रती उरल्यात, कोणी मोजल्यात? नुसता 4.5 आकडा दिला तर तो कशाच्या तुलनेत?

शाईचे डाग:
तारीख कव्हरच्या कोपऱ्यात असते. लायब्ररीवाले पहिल्या पानावर, मधल्या पानावर आणि हौस असेल तर वेताळाच्या छातीवर मारतात.

डोंबिवलीकर:
😂 छातीवरचा माझ्याकडे आहे.
मुद्दा तिसराच मांडतो. शिक्का दिसतो म्हणून सगळे त्यावर भांडतात. खरी वाट दुरुस्तीने लागते. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो, तो निघत नाही. लॅमिनेशन तर परतीची वाट बंद. हा स्वस्त लगद्याचा कागद मुळातच आम्लयुक्त, आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो, त्यात आपला पावसाळा. 2005 च्या 26 जुलैला माझी खालच्या कप्प्यातली थप्पी भिजली. सुकल्यावर त्याची वीट झाली, पान सुटेना. तेव्हापासून मी शिक्का बघतच नाही, वास घेतो. कुबट वास आला की अंक खाली ठेवतो.

शाईचे डाग:
आणि कव्हरची रंगीत झेरॉक्स? तीही वासावरून कळते?

डोंबिवलीकर:
तिला भिंग लागतं. मूळ छपाईत रंगाचे ठिपके रांगेने बसलेले दिसतात, कुठे एखादा रंग ओळीबाहेर सरकलेला. झेरॉक्समध्ये त्या ठिपक्यांवर मशीनची स्वतःची जाळी चढते, सगळं गढूळ दिसतं. शिवाय पिनेचा गंज आतल्या पानांत उतरलाय आणि कव्हर तिथे कोरं, असं असेल तर कव्हर नंतर चढवलंय.

पानगळ:
जरा वेगळं विचारते. माझ्याकडे अमर चित्र कथेचा 'कृष्ण' आहे, क्रमांक 11. पहिली आवृत्ती समजून चांगले पैसे मोजले. आता कळतंय की पुनर्मुद्रणावरही तोच क्रमांक असतो?

कवटीची अंगठी:
हो, क्रमांकावर जाऊ नका. छापील किंमत आणि मागच्या कव्हरवरच्या जाहिराती बघा. किंमत रुपयांत चढत गेली तसा अंक अलीकडचा. इंद्रजालचं त्या मानाने बरं, मार्च 1964 ते 1990, मग दुकान बंद. म्हणून तर मी म्हणतो की प्रत टिकली हेच मोठं, शिक्क्याचं काय घेऊन बसलात.

डोंबिवलीकर:
@माळ्यावरची ट्रंक, एक तपासा. लायब्ऱ्या पाच-सहा अंक एकत्र बाइंड करायच्या. तुमचा अंक त्यातून सोडवलेला नाही ना? घडीजवळ दोऱ्याची भोकं दिसतील. आणि बाइंडरने कटिंग मारलं असेल तर अंक बुटका होतो. त्याच काळातल्या दुसऱ्या अंकाशेजारी उभा करून बघा.

माळ्यावरची ट्रंक:
बघितलं. भोकं तीन आहेत, इतके दिवस मी ती पिनांचीच समजत होतो. शेजारी इंद्रजालच्याच दुसऱ्या नायकाचा, बहादूरचा अंक धरला तर तो चांगला चार मिलिमीटर उंच. पण बहादूर आला 1976 मध्ये, तेव्हा आकार वेगळा असेल म्हणून साठच्या दशकातला दुसरा वेताळ काढला. तोही उंचच. आणि आता दिसतंय, वरच्या चौकटींतल्या फुग्यांची पहिली ओळ अगदी कडेला टेकलीय, दोन ठिकाणी वेलांट्या उडाल्यात.

शाईचे डाग:
मग 600 सुद्धा जास्त झाले. वेलांट्या उडालेला वेताळ मी 400 ला घेईन.

कवटीची अंगठी:
पानं सगळी आहेत ना? मी 700 देतो. शिक्क्याचा फोटो मात्र पाठवा, गिरगावातल्या आमच्या लायब्ररीचा शिक्काही जांभळाच होता.