मदत हवी आहे: मराठवाड्यातल्या मुस्लिम आणि बौद्ध विद्यार्थ्यांचे आकडे कसे काढू?

नमस्कार मंडळी. एम.ए. समाजशास्त्राचा लघुप्रबंध लिहितेय, राहणार परभणी. मराठवाड्यातली मुस्लिम आणि बौद्ध मुलं-मुली पदवीपर्यंत किती पोचतात, हा विषय. सर म्हणाले, एआयएसएचईचे (केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे) अहवाल उघड, सगळं त्यात आहे. देशाचं आहे खरं.

२०१९-२० ला देशात मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते, २०२०-२१ ला १९.२१ लाख, पुढच्या वर्षी पुन्हा २१ लाखांवर. व्हॉट्सअॅपवर एक जण मधली घसरण फिरवतो, दुसरा २०१४-१५ चे १५.३४ लाख दाखवून वाढ सांगतो. मला दोघांचंही पटत नाही. २०१९-२० ते २०२१-२२ या काळात एकूण विद्यार्थी ३.८५ कोटींवरून ४.३३ कोटींवर गेले, त्यामुळे संख्या भरून निघाली तरी वाटा साडेपाच टक्क्यांवरून पाचच्या आत आला. २०११ च्या जनगणनेत मुस्लिम १४.२ टक्के आहेत. (या विद्यार्थ्यांत निम्म्या मुली आहेत, ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.)

आता अडलंय ते इथे. मुस्लिमांचा रकाना वेगळा, बाकी सगळे "इतर अल्पसंख्याक". नांदेडचे शीख, जैन, ख्रिश्चन आणि बौद्ध एकाच गाठोड्यात! ज्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० ला कॉलेज काढलं, तिथल्या बौद्ध मुलांचा वेगळा आकडा मिळू नये, म्हणजे कमाल आहे. शिवाय यातली बरीच मुलं अनुसूचित जातीच्या रकान्यातही येतात.

दुसरं, आपल्याकडची पोरं पुण्याला शिकायला जातात आणि मोजली जातात तिकडेच. मग जिल्ह्याचा टक्का काढून उपयोग काय?

कुणी असं काम केलंय का? बौद्धांचा अंदाज कसा बांधायचा? विद्यापीठाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकू का?

— — —

उत्तर:

ताई, विद्यापीठाच्या आधी कॉलेजांकडे जा. प्रत्येक कॉलेजात एआयएसएचईचा नोडल अधिकारी असतो, भरलेल्या फॉर्मची प्रत त्याच्याकडे मिळते. पण त्यातही रकाने तेच, म्हणून खरं काम प्रवेश अर्जांवर. धर्माच्या रकान्यात "बौद्ध" आणि जातीच्या दाखल्यावर "महार", असे अर्ज पुष्कळ सापडतील. चार-पाच कॉलेजं घ्या, त्यात एक तरी तालुक्याचं असू द्या. प्राचार्यांना नावं नकोत, फक्त संख्या हवी असं लिहून द्या, नाहीतर फाइल हलणार नाही.

जनगणनेचा सी-९ तक्ता धर्मवार शिक्षण दाखवतो, त्यात बौद्ध वेगळे आहेत. मात्र तो २०११ चा आणि सात वर्षांपासून पुढच्या सगळ्या वयांचा, तेव्हा त्यावरून कल काढू नका. पुण्याला गेलेल्यांचं उत्तर कोणत्याच तक्त्यात नाही. त्यासाठी एखाद्या ज्युनिअर कॉलेजची बारावीची जुनी यादी धरून घरोघर विचारावं लागेल.