बॅकगॅमन: सोंगट्या ६ आणि ४ च्या घरात, दान दोन-एक. काय खेळावं?

समुद्रपक्षी (दुबई):
ऑफिसमधल्या तुर्की सहकाऱ्याबरोबर दर गुरुवारी बॅकगॅमन खेळतो (दोन फाशांचा पटावरचा खेळ; ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी पटाबाहेर निघतात तो जिंकतो). डबलिंगचा क्यूब, म्हणजे डावाची पैज दुप्पट करायचा ठोकळा, आम्ही वापरत नाही. परवा निर्णायक डावात त्याच्या दोनच सोंगट्या उरल्या होत्या, एक ६ च्या घरात (म्हणजे बाहेर पडायला सहा घरं), एक ४ च्या. माझ्या चार, चारही १ च्या घरात. त्याला पडलं दोन-एक. त्याने ६ ची सोंगटी ३ वर आणली, म्हणजे राहिल्या ४ आणि ३. मला डबल (दोन्ही फाशांवर एकच आकडा, तेव्हा दोनऐवजी चार चाली मिळतात) पडलं नाही, माझ्या दोनच निघाल्या; म्हणजे त्याला दोन्ही सोंगट्या पुढच्याच दानात काढायच्या होत्या. मग त्याला पडलं सहा-दोन आणि ३ ची सोंगटी अडकली. तो म्हणतो नशीब फुटकं. मला वाटतं खेळीच चुकली. जाणकारांनी सांगावं.

कोकणकडा:
मी ४ ची १ वर नेली असती. १ ची सोंगटी कुठल्याही दानावर निघते, मग काळजी एकाच सोंगटीची.

फासेवाली (डोंबिवली):
कोकणकडा, ती एक सोंगटी ६ वर बसलीये, तिथेच घोडं अडतं. दोन फाशांची दानं ३६. त्यातल्या ११ दानांत निदान एक सहा असतो. शिवाय २-२, ३-३, ४-४, ५-५ ही चार डबल दानं चालतात. झाली १५. बाकी २१ दानांत हरलात.

समुद्रपक्षी, तुमच्या मित्राने निवडलेल्या ४-३ ला (सोंगट्या ४ आणि ३ च्या घरात) दोन्ही एकाच पाळीत काढणारी १७ दानं आहेत, म्हणजे ती १५ पेक्षा बरी. पण याहून चांगली खेळी पटावरच होती: एकने ६ ची ५ वर, दोनने ४ ची २ वर. ५-२ ला १९ दानं!

हे कागदावर लिहून बघाच, फार सुंदर आहे. ४-३ आणि ५-२ या दोन्हींत बहुतेक दानं सारखीच चालतात. फरक तीनच जोड्यांचा. चार-तीन पडलं तर ४-३ वाला जिंकतो, ५-२ वाल्याची पाचावरची अडकते. उलट पाच-दोन आणि सहा-दोन पडलं तर ५-२ वाला जिंकतो, ४-३ वाला अडकतो. डबल नसलेलं दान दोन प्रकारे पडतं, म्हणून दोन गमावली, चार कमावली.

त्याला नेमकं सहा-दोन पडलं म्हणून मी हे म्हणत नाहीये. चार-तीन पडून तो जिंकला असता, तरी खेळी ५-२ चीच बरोबर होती. तुम्हाला डबल न पडण्याची शक्यता ३६ पैकी ३०. तिने गुणलं की त्याची जिंकायची शक्यता ५-२ ला ४४ टक्के, ४-३ ला ३९, ६-१ ला ३५. एका साध्या दोन-एकवर पाच टक्के सोडून देणं मला खरंच जिवावर येतं. मधला डाव गुंतागुंतीचा असतो, तिथे चुकलं तर समजू शकते. इथे तर सगळं बोटांवर मोजता येतं. ग्नू बॅकगॅमन हा फुकट मिळणारा प्रोग्रॅमसुद्धा इतक्या थोड्या सोंगट्या उरल्या की अंदाज बांधत बसत नाही, तयार कोष्टकातला आकडा उचलतो.

समुद्रपक्षी:
खूप आभार! त्याला दाखवतो. माझ्या चारऐवजी सहा सोंगट्या असत्या तर?

फासेवाली:
मग त्याला बहुधा दोन पाळ्या मिळाल्या असत्या, आणि दोन पाळ्यांत ५-२ काय, ४-३ काय, जवळपास नेहमीच निघतात. तुमच्या पुढच्या दोन दानांत एखादं डबल आलं तरच त्याला एका पाळीत संपवावं लागेल. तेवढ्यासाठी तरी ५-२ च, फुकटचा फायदा आहे.

कोकणकडा:
पटलं. म्हणजे सोंगट्या नेहमी लांब-लांब ठेवायच्या का?

फासेवाली:
नाही, प्रत्येक वेळी मोजायचं. घरांची बेरीज ८ असेल तर ५-३ ला १४, ६-२ ला १३, ४-४ ला ११. म्हणजे ६-२ जास्त लांब असूनही ५-३ सरस. बेरीज ९ झाली की ६-३ आणि ५-४ दोन्हींना १०, काहीही ठेवा. मात्र एका घरात जोडी लावायच्या मोहापासून जपा. सोंगट्या ५ आणि ४ वर आहेत, दान दोन-एक, तर हात आपोआप ३-३ कडे जातो, दिसायलाही नीटनेटकं. त्याला १७ दानं. त्याच दानावर ४-२ किंवा ५-१ ठेवलं तर २३.