मदत हवी आहे: १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) टीव्ही कोणता घ्यावा?

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही गेम कन्सोलसाठी ५५ इंची टीव्ही घ्यायचा आहे. दुकानात एका टीव्हीवर '१२०' हा आकडा ठळक छापलेला होता, पण माहितीपत्रक बारकाईने वाचल्यावर पॅनेल मुळात ६० हर्ट्झचेच असल्याचे कळले, आणि मी तसाच परतलो. फोर-के (अतिशय बारीक तपशिलाचे) चित्र १२० हर्ट्झने दिसण्यासाठी एचडीएमआय २.१ (केबल जोडण्याच्या पोर्टचा अधिक वेगवान प्रकार) लागते, मात्र अनेक टीव्हींना अशी दोनच पोर्ट असतात आणि त्यांतलेच एक ईआर्कचे (टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे पाठवणारे) असल्यामुळे साउंडबार जोडला की एका कन्सोलला जागा उरत नाही. हा पेच आपण कसा सोडवलात? दिवाणखान्यात दुपारी थेट ऊन येते आणि मुलगा तासन्‌तास फुटबॉलचा गेम खेळतो, ज्यात कोपऱ्यातला गुणफलक जागचा हलत नाही; म्हणून ओलेडवर (प्रत्येक बिंदू स्वतः उजळणाऱ्या पडद्यावर) कायमचा डाग उमटण्याची मला खरोखर धास्ती वाटते. अशा घरी मिनी एलईडी (मागून बारीक दिव्यांनी उजळणारा पडदा) घेतलेल्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.