कुसळी: एका गवताचं नाव, की जे टोचेल त्या सगळ्यांचं?

माळकरी: परवा सासवडजवळच्या माळावरून मोजेभर कुसळं घेऊन आलो. सोबतचा मित्र म्हणे, "ही सगळी कुसळीच." मला पटत नाही. कुसळी म्हणजे एकच गवत, हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. त्याची काळपट कुसळं एकमेकांत गुंतून वेणीसारखी होतात. शेजारच्या ॲरिस्टिडाचं कुसळ तीन फाट्यांचं, ते गवतच वेगळं.

बांधावरून: नाव ठेवलं कुणी? ज्याला टोचलं त्यानं. कुसळ गव्हालाही असतं. डोळ्यातल्या कुसळाची म्हण घ्या, तिथे कुठलं गवत ते कोण विचारतो?

माळकरी: कुसळ हा अवयव, कुसळी हे गवत. गव्हाला कुणी कुसळी म्हणत नाही.

बांधावरून: कारण त्याला स्वतःचं नाव आहे! बिननावाच्या गवताला आम्ही टोचण्यावरूनच हाक मारणार.

माळकरी: मग पवना, मारवेल ही गवतं? कुसळं त्यांनाही असतात. त्यांना कुसळी का म्हणत नाहीत?

मेंढरामागे: ती एवढी छळत नाहीत म्हणून. आमच्या घरी मेंढरं होती, तुमचं दोघांचंही मला अर्धंच पटतं. पावसाळ्यात हेच गवत कोवळं असतं, मेंढरं मिटक्या मारत खातात. तेव्हा आमच्यात त्याला नुसतं 'गवत' म्हणायचे. कुसळं धरली की झाली कुसळी! बियांचं टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी मातीत घुसतं. माती नाही मिळाली तर लोकरीतून थेट कातड्यात. दिवाळीनंतर आजी रोज संध्याकाळी एकेक मेंढरू मांडीशी धरून कुसळं वेचत बसायची. वैरणीला कापायचं तर फुलोऱ्याआधीच, हे तिनंच शिकवलं.

माळकरी: म्हणजे नाव हंगामाचं? मग मी वहीत काय लिहू? श्रावणात 'गवत' आणि कार्तिकात 'कुसळी'?

बांधावरून: वहीत लॅटिन लिहा की. पण तेही कुठे एक राहिलं? झाडापाल्याला शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली याच गवताला अँड्रोपोगॉन कॉन्टॉर्टस म्हटलं होतं.

माळकरी: पहिला शब्द बदलला, कॉन्टॉर्टस राहिलं ना! कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं. खूण पिळाची आहे, टोचण्याची नाही. म्हणूनच ॲरिस्टिडाला कुसळी म्हणणं मला चूक वाटतं.

बांधावरून: लिनियस चालत आला असता माळावरून, तर त्यानंही टोचरं म्हटलं असतं.

मेंढरामागे: तुमचं चालू द्या. माळकरी, मोज्यातली कुसळं मागे ओढू नका, उलटे केस अडतात. टोक धरा आणि पुढे ओढून काढा.