साइडबॉटम आडनावाचं मूळ
साइडबॉटम हे इंग्लिश आडनाव कुणीतरी चिडवायला पाडलं असावं, असं काहींना वाटतं. ते पटत नाही. जुन्या इंग्रजीत 'सीड' म्हणजे रुंद आणि 'बोत्म' म्हणजे दरीचा तळ. अशा रुंद खोऱ्यात राहणारे ते साइडबॉटम, आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं तसंच. 'बॉटम'चा शरीराशी जोडलेला अर्थ, म्हणजे ढुंगण, हा पुष्कळ नंतरचा, १८व्या शतकातला. उत्तर इंग्लंडमधल्या लँकशायर-यॉर्कशायरच्या डोंगराळ पट्ट्यात रॅम्सबॉटम, लाँगबॉटमही भेटतात. क्रिकेटपटू इयान बोथमचं आडनावसुद्धा याच मुळाचं! इंग्लंडमध्येही साइडबॉटम दुर्मीळच. पण आर्नी आणि रायन या क्रिकेटपटू बापलेकांमुळे ते कसोटीच्या धावफलकावर दोन पिढ्या झळकलं. रायनने तर २००८ मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली.