बारावी प्रॅक्टिकल: दोलनासाठी कुठली स्प्रिंग घ्यावी? (बजेट 500 रु.)

प्रयोगवही: चार गटांसाठी चार स्प्रिंगा हव्यात. T² विरुद्ध m आलेखावरून k काढायचा आहे (T दोलनकाल, m टांगलेलं वस्तुमान, k स्प्रिंगचा कडकपणा). 50 ग्रॅमची स्लॉटेड वजनं आणि स्टॉपवॉच आहेत. एकूण 500 रुपये.

लंबक७: फोटोगेट (प्रकाशकिरण अडला की वेळ टिपणारा सेन्सर) आणि त्याची रीडिंग साठवणारा डेटालॉगर घ्या. स्टॉपवॉच दाबण्यातच 0.2 सेकंद जातात.

प्रयोगवही: बजेट 500 आहे हो.

लेथवाला: 20 दोलनं मोजा, 0.2 ला 20 ने भाग जातो. गेट कशाला? k साधारण 10 न्यूटन/मीटर ठेवा: 200 ग्रॅमला 20 सेंमी लांबते, दोलनकाल 0.9 सेकंद. 0.8 मिमी पोलादी तार, 15 मिमी सरासरी व्यास, 120 वेढे. पेनातली स्प्रिंग नको, फार कडक असते.

हूक_लॉ: पेनातली अजिबात नको. तयार लॅब स्प्रिंगच घ्या, आमच्याकडच्या वर्षानुवर्षं टिकल्यात.

त्वरण: फोनवर फिफॉक्स हे प्रयोगांचं अ‍ॅप फुकट आहे. फोनच पिशवीत घालून टांगा, दोलनकाल थेट मिळतो.

लेथवाला: मग m बदलणार कसं? आणि स्प्रिंगचं वस्तुमान विसरू नका. मी वर सांगितलेली स्प्रिंग 22 ग्रॅम भरते, त्याचा एक तृतीयांश m मध्ये धरावा लागतो.

लंबक७: 7 ग्रॅमने काय होतंय!

लेथवाला: 50 ग्रॅमला 7 ग्रॅम म्हणजे दोलनकालात 7 टक्के फरक. आलेख शून्यातून जात नाही तो यामुळेच. चढावरून काढलेला k मात्र बरोबर येतो.

मधलीखूण: वजन सोडल्याबरोबर मोजू नका. मधल्या जागेसमोर टाचणी लावा, ती ओलांडताना ‘शून्य’ म्हणून सुरुवात करा. स्टँड सी-क्लॅम्पने आवळा. वजन आपोआप बाजूला झुलू लागलं तर टेकूपासून वजनाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा. ती स्प्रिंग जेवढी लांबली त्याच्या चौपटीजवळ असते (100 ग्रॅमला 40 सेंमी). वजन दोऱ्याने टांगून त्याची लांबी बदला.

हूक_लॉ: तार घरी गुंडाळायचा विचार असेल तर सोडा. वेढे सारखे येत नाहीत, k सांगता येत नाही.

प्रयोगवही: सगळ्यांचे आभार. 0.8 मिमीची पियानो वायर (कडक पोलादी तार) आणून 12 मिमी सळईवर गुंडाळणार आहे. सोडल्यावर व्यास वाढतो. k प्रत्येक गटाचा वेगळा यावा, म्हणजे शेजारच्याचं उत्तर उतरवता येणार नाही.

लेथवाला: मग गॉगल घाला, टोक सुटलं की डोळ्यावर येतं. आणि घट्ट गुंडाळलीत तर कमी वजनाला वेढे उघडतच नाहीत. सगळे सुटे दिसल्यावरच रीडिंग घ्या.