लेसर इन्क्लूडेड ऑफेन्स : ‘पोटगुन्हा’ म्हणावं का?

लेखणीवाली : लुईज वुडवर्ड खटल्यावरचा एक मोठा लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. ज्यांना खटला आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९७, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. वुडवर्ड ही मूल सांभाळायला एका कुटुंबात राहणारी ब्रिटिश मुलगी, खटल्याच्या वेळी वय एकोणीस. तिच्याकडे सोपवलेलं आठ महिन्यांचं बाळ दगावलं आणि तिच्यावर खुनाचा खटला उभा राहिला. पुरावे संपल्यावर ज्युरीला कायदा समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा सरकार पक्षाने मागणी केली की खुनाबरोबर मॅन्सलॉटरचाही (खुनापेक्षा कमी गंभीर मनुष्यवध) पर्याय ज्युरीपुढे ठेवा. बचाव पक्षाने उलट सांगितलं की ठेवू नका, खून सिद्ध होत असेल तर दोषी म्हणा, नाहीतर सोडा. न्यायाधीश झोबेल यांनी बचावाचं ऐकलं. ज्युरीने सेकंड डिग्री खुनाबद्दल दोषी ठरवलं, म्हणजे जन्मठेप.

मूळ लेखात ‘लेसर इन्क्लूडेड ऑफेन्स’ हा शब्द पानोपानी आहे, म्हणजे मोठ्या गुन्ह्याच्या आरोपातच सामावलेला लहान गुन्हा, जसा इथे खुनातला मॅन्सलॉटर. मशीनने ‘समाविष्ट किरकोळ गुन्हा’ दिलंय. एका मित्राने ‘अंतर्भूत लघुअपराध’ सुचवलं, पण लघु म्हटलं की मला भलतंच आठवतं. तुम्ही काय लिहाल? आणि ‘ज्युरी इन्स्ट्रक्शन’ला, म्हणजे न्यायाधीश ज्युरीला कायदा समजावून सांगतात त्याला, नुसतं ‘सूचना’ चालेल का?

कोर्टपक्षी : ‘किरकोळ’ आधी खोडा. किरकोळ गुन्हा म्हणजे दारू पिऊन चौकात धिंगाणा घालणं. मॅन्सलॉटरमध्ये माणूस मेलेला असतो. कॅलिफोर्नियात व्हॉलंटरी मॅन्सलॉटरला तीन, सहा किंवा अकरा वर्षं कैद आहे. हे किरकोळ असेल तर गंभीर काय उरलं? ‘लेसर’ इथे फक्त तुलनेने आहे, मुख्य आरोपापेक्षा कमी एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘कमी गंभीर’.

ही कल्पना आपल्याला परकी नाही, हेही लेखात एका ओळीत सांगा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२२, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २४५. दोषारोप मोठ्या अपराधाचा ठेवला आणि पुराव्यातून त्यातलाच लहान अपराध सिद्ध झाला, तर लहान अपराधाचा वेगळा दोषारोप नसतानाही शिक्षा देता येते. बाररूममध्ये याला कुणी पारिभाषिक शब्द वापरत नाही. ‘तीनशे दोनची केस तीनशे चार पार्ट टूवर आली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं (जुन्या दंड संहितेत ३०२ खुनाचं कलम, ३०४ सदोष मनुष्यवधाचं). १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ झालं आणि सदोष मनुष्यवधाचं १०५, पण ‘एकशे तीनचं एकशे पाचवर आलं’ अजून जिभेवर बसलेलं नाही.

शब्दखूळ : मराठीत यासाठी तयार उपसर्ग पडून आहे आणि आपण संस्कृत शब्दांच्या मागे का लागतो कळत नाही. ‘पोट’! पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू, सातबाऱ्यावरचा पोटहिस्सा. मोठ्याच्या आत सामावलेलं लहान ते ‘पोट’. तसाच पोटगुन्हा. तीन-चार अक्षरांत काम होतं, आणि ‘खुनाच्या पोटातला मनुष्यवध’ हे वाचकाला न समजावता कळतं.

कोर्टपक्षी : शब्द कानाला गोड आहे, मान्य. पण तर्काला उलटा पडतो. पोटजात घ्या. प्रत्येक पोटजात ही मूळ जातीचाच भाग, बरोबर? मग सदोष मनुष्यवध खुनाची पोटजात आहे का? नाही. १९७६ च्या पुन्नय्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: सदोष मनुष्यवध ही जाती, खून ही तिची प्रजाती. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. म्हणजे पोटात खून आहे आणि बाहेरचं मोठं वर्तुळ मनुष्यवधाचं. तुमचा शब्द आईला लेकीच्या पोटात घालतो.

शब्दखूळ : हा मुद्दा जोरदार आहे, पण कोर्टपक्षी, तुम्ही घटनांची वर्तुळं काढताय आणि मी घटकांची यादी बघतोय. खून सिद्ध करायला सरकारला काय काय दाखवावं लागतं? माणूस मेला, आरोपीच्या कृत्यामुळे मेला, कृत्य बेकायदा होतं, आणि त्यामागे ठरावीक दर्जाचा हेतू किंवा जाणीव होती. या यादीतली शेवटची ओळ पुसा किंवा सौम्य करा. उरलं ते मॅन्सलॉटर. म्हणजे लहान गुन्ह्याची अख्खी यादी मोठ्या गुन्ह्याच्या यादीत बसते. यादी जितकी लांब तितके त्यात बसणारे प्रसंग कमी, म्हणून वर्तुळं उलटी दिसतात. ‘इन्क्लूडेड’ हा शब्द यादीबद्दल बोलतो, प्रसंगांबद्दल नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या श्मक खटल्यात फेडरल कोर्टांसाठी हीच घटकांची कसोटी धरली.

कोर्टपक्षी : हे पटलं. आणि आपल्याकडेही कसोटी घटकांचीच आहे, निव्वळ शिक्षेच्या आकड्याची नाही. २००१ चा शम्नसाहेब मुलतानी निकाल बघा. आरोप ३०२ चा आणि शिक्षा झाली हुंडाबळीच्या ३०४-ब खाली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असं परस्पर चालणार नाही. हुंडाबळीला लग्नानंतर सात वर्षांच्या आत मृत्यू, हुंड्यासाठी छळ असे घटक लागतात, जे खुनाच्या यादीत नाहीतच. शिक्षा कमी म्हणून तो खुनातला लहान अपराध ठरत नाही, आणि आरोपीला त्याचा बचाव करायची संधी मिळालेली नसते. तेव्हा पोटगुन्हा लिहा, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘मुख्य आरोपाच्या घटकांतच बसणारा कमी गंभीर गुन्हा’ एवढं एकदा फोडून सांगा.

एडिसनकर : न्यू जर्सीहून लिहितोय. एक गोष्ट जोडतो, कारण ‘कमी शिक्षेचा गुन्हा’ असं भाषांतर कुणीतरी करेलच. अमेरिकेत मृत्युदंडाचे खटले सोडले तर ज्युरीला शिक्षा किती होईल हे साधारणपणे सांगतच नाहीत. ती न्यायाधीशाची बाब. त्यामुळे ज्युरीच्या खोलीत बसलेल्या बारा जणांसाठी खून आणि मॅन्सलॉटर यांत फरक असतो तो मनातल्या हेतूचा, वर्षांचा नाही. आमच्या राज्यात खुनाला किमान तीस वर्षं, अ‍ॅग्रव्हेटेड मॅन्सलॉटरला दहा ते तीस आणि रेकलेस मॅन्सलॉटरला पाच ते दहा. बाहेर बसलेल्या वकिलांना हे आकडे पाठ असतात, आत चर्चा करणाऱ्यांना ते सांगितलेले नसतात.

काम चालतं ते एका कागदावर. प्रश्न पहिला, खुनाबद्दल: दोषी की निर्दोष. दोषी असेल तर पुढचा प्रश्न सोडा, निर्दोष असेल तरच खालच्या गुन्ह्याकडे या. पायरी पायरीने उतरायचं. काही राज्यांत वरच्या पायरीवर एकमताने ‘निर्दोष’ म्हटल्याशिवाय खाली पाय ठेवता येत नाही. काही ठिकाणी, उदाहरणार्थ अ‍ॅरिझोनात, प्रामाणिक प्रयत्न करूनही एकमत झालं नाही तर खालच्या गुन्ह्याचा विचार करता येतो. ताई, तुमच्या लेखात ‘ज्युरीने पर्याय निवडला’ असं वाक्य असेल तर ते तपासा. ताटातून आवडीचा पदार्थ उचलावा तशी ही निवड नसते.

लेखणीवाली : होतं ते वाक्य. बदलते. पण मग मला एक कळत नाही. मधली पायरी ठेवणं आरोपीच्या फायद्याचं की तोट्याचं? वुडवर्डचे वकील ती नको म्हणत होते, आणि इतर ठिकाणी वाचते की पायरी दिली नाही म्हणून आरोपीच अपिलात जातो.

कोर्टपक्षी : दोन्ही खरं आहे. माझ्या मते या विषयाची सगळी गंमत तिथेच आहे.

पायरी हवी असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद १९७३ च्या कीबल खटल्यात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडलाय. आरोपीने काहीतरी गुन्हा केलाय हे उघड आहे, पण मुख्य आरोपातला एखादा घटक शंकास्पद आहे. समोर दोनच दारं असतील, मोठा गुन्हा किंवा सुटका, तर ज्युरी बहुधा शंकेकडे काणाडोळा करून दोषी म्हणेल, कारण त्याला सोडून देणं मनाला पटणार नाही. १९८० मध्ये बेक विरुद्ध अलाबामा आला. अलाबामाच्या कायद्यात मृत्युदंडाच्या खटल्यात पोटगुन्ह्याचा पर्याय द्यायलाच बंदी होती. बेकचं म्हणणं होतं की चोरी करायला गेलो होतो, मारलं साथीदाराने, मारायचा माझा हेतू नव्हता. ज्युरीपुढे फाशीचा गुन्हा किंवा सुटका, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने तो मृत्युदंड रद्द केला. मात्र दोन वर्षांनी हॉपर विरुद्ध इव्हान्समध्ये सांगितलं की पुराव्यात आधार असेल तरच पायरी द्यायची, मागितली म्हणून नाही.

आता उलट बाजू. पुरावा लेचापेचा वाटला तर बचावाचे वकील एक घाव दोन तुकडे करू बघतात. मधला पर्याय असला की ज्युरी तडजोड करते, तो नसला तर सोडून देईल, असा हिशोब. वुडवर्डच्या वकिलांनी तोच केला आणि हात दाखवून अवलक्षण झालं. पुढे १० नोव्हेंबर १९९७ ला झोबेल यांनी स्वतःच तो निकाल इन्व्हॉलंटरी मॅन्सलॉटरवर (मारायचा हेतू नसताना झालेला मनुष्यवध) आणला आणि भोगलेले २७९ दिवस हीच शिक्षा धरली. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. जे दार ज्युरीपुढे बंद ठेवलं, त्यातूनच आरोपीला बाहेर काढलं! मला विचाराल तर सरकार पक्षाची मूळ मागणीच रास्त होती.

‘इन्स्ट्रक्शन’ला ‘सूचना’ नको. आपल्याकडे सूचना म्हणजे फलकावर लावतात ती किंवा सभेत मांडतात ती. इथे ती चुकली तर निकाल उलटतो. ‘निर्देश’ लिहा. जुन्या मुंबईत याला ‘ज्युरीला चार्ज’ म्हणत, पण चार्ज म्हणजे दोषारोपही, तेव्हा घोळ नको.

शब्दखूळ : पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीचं उदाहरण इथे चपखल बसेल ना?

कोर्टपक्षी : बसेल, आणि थोडं वेगळ्या अंगाने. नानावटींवर ३०२ बरोबर ३०४ भाग एकचाही दोषारोप होता. म्हणजे मधली पायरी ज्युरीपुढे होतीच. तरी ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने दोन्हींबद्दल निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे धाडलं. तिथे ज्युरीला दिलेल्या निर्देशांतल्या चुका निघाल्या. गोळी झटापटीत अपघाताने सुटली हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, हेच ज्युरीला नीट सांगितलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला खुनाची शिक्षा कायम केली. पायरीची मागणी तिथेही झाली: गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, म्हणून खून नव्हे. पण पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत साधारण तीन तास गेले होते. मधल्या वेळात तिला आणि मुलांना सिनेमाला सोडणं, जहाजावर जाणं, रिव्हॉल्व्हर घेणं. राग थंड व्हायला पुरेसा वेळ, असं न्यायालय म्हणालं. पायरी असूनही तिच्यावर उभं राहायला पुरावा लागतो, तो असा.

एडिसनकर : ‘व्हर्डिक्ट’ला काय घेताय? ‘निकाल’ लिहिलं तर ज्युरीचा आणि न्यायाधीशाचा एकच होऊन बसतो.

शब्दखूळ : कौल! ज्युरीचा कौल, न्यायाधीशाचा निकाल. आणि कौल घेतला की ‘कल’ही हाताशी येतो. २०१२ चा ब्लूफर्ड विरुद्ध आर्कान्सा घ्या. ज्युरीप्रमुखाने उघड कोर्टात सांगितलं की कॅपिटल मर्डरविरुद्ध (मृत्युदंड होऊ शकतो असा खून) आमचं एकमत, फर्स्ट डिग्रीविरुद्धही एकमत, मॅन्सलॉटरवर नऊ विरुद्ध तीन. पुढे एकमत झालंच नाही आणि खटला मोडला. ब्लूफर्डचं म्हणणं, खुनातून मी सुटलो, त्यावर पुन्हा खटला नको. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नकार दिला, कारण ज्युरीप्रमुखाने सांगितलं तो कल होता, कौल नव्हता. आत परत गेल्यावर मतं बदलू शकत होती.

लेखणीवाली : हे तर आयतंच मिळालं. मग पोटगुन्हा, निर्देश, कौल. ज्युरी-सदस्याला ‘पंच’ मात्र म्हणत नाही, पंचनाम्यातले पंच डोळ्यांपुढे येतात. आणि एडिसनकरांनी सांगितलेला तो पायऱ्यांचा कागद? ‘कौलनामा’ कसा वाटतो?

कोर्टपक्षी : कौलनामा नको. तो जुन्या मुलकी दप्तरातला कागद, जमीन लावणीला देताना सरकारने किंवा जमीनदाराने लिहून दिलेला. इतिहासाचे वाचक तुम्हाला पत्रं पाठवतील. ‘कौलपत्रक’ करा.